टीव्हीखालच्या छोट्या संगणकासाठी ग्राफिक्स कार्ड: एका घरातलं प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्यातल्या एका फ्लॅटमधलं हे प्रकरण. घरात चार माणसं: आजोबा, नवरा-बायको आणि आठवीतला मुलगा. दिवाणखान्यात ५५ इंची ४के टीव्ही आहे, ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६० चित्रं दाखवणारा, आणि एचडीआर१० (उजेड-अंधार आणि रंग जास्त बारकाईने दाखवण्याची पद्धत) पेलणारा. त्याला ५.१ स्पीकरचा एव्ही रिसीव्हर (स्पीकर चालवणारा ॲम्प्लिफायर) जोडलेला, पोर्ट एचडीएमआय २.० चे. टीव्हीखाली सुताराकडून करून घेतलेलं युनिट आणि त्याच्या एका कप्प्यात आडवा ठेवलेला बुटका संगणक.

हा संगणक ऑफिसांतून निघालेल्या, दुरुस्त करून विकल्या जाणाऱ्या मालातला. इंटेल कोअर आय५-८५००, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी, २०० वॉटचा पॉवर सप्लाय. नंतर त्यात ४ टीबीची साडेतीन इंची हार्ड डिस्क बसवली. मागच्या बाजूला दोन डिस्प्लेपोर्ट, एचडीएमआय एकही नाही. ऑफिसातले मॉनिटर डिस्प्लेपोर्टवर चालतात, म्हणून तिथे ही उणीव कुणाला जाणवत नाही. घरच्या टीव्हीला मात्र डिस्प्लेपोर्ट नसतो. सगळा गुंता तिथून सुरू झाला.

डिस्कवर चार प्रकारचा माल होता. ४के एचडीआर चित्रपट, एचईव्हीसी १०-बिट कोडेकमधले (कोडेक म्हणजे व्हिडिओ आवळून साठवण्याची पद्धत), ट्रूएचडी किंवा डीटीएस-एचडी या प्रकारच्या आवाजासह. आजोबांच्या नाटकांच्या डीव्हीडींवरून आणि जुन्या मिनीडीव्ही टेपांवरून उतरवलेल्या फायली, ७२० × ५७६ आकाराच्या, इंटरलेस्ड, म्हणजे प्रत्येक फ्रेम एकाआड एक ओळींच्या दोन भागांत साठवलेली. मोबाइलवर काढलेले व्हिडिओ. शिवाय आत्याच्या लग्नाचं शूटिंग, व्हिडिओवाल्याने पेन ड्राइव्हवर जसंच्या तसं दिलेलं, संपादन न केलेलं.

दुकानात विचारणा झाली ती एवढीच: टीव्हीला एचडीएमआय हवं आणि ४के चालायला हवं. मिळालं जीटी ७३० हे ग्राफिक्स कार्ड, ४ जीबी डीडीआर३ मेमरीचं, बुटक्या पट्टीचं. ‘साहेब, चार जीबीचं आहे, फोर-के आरामात पळेल.’ खोक्यावर ४केचा उल्लेख होता आणि तो खोटाही नव्हता.

अडचण

कार्ड बसवल्यावर टीव्हीवर चित्र आलं, पण माऊस पाण्यातून फिरवल्यासारखा जड. ४के चित्रपट लावला की चित्र अडखळायचं, आवाज पुढे जायचा, पंखा जोरात फिरायचा. एचडीआरच्या फायली फिक्या, धुरकट दिसायच्या. पहिला संशय रॅमवर गेला. ८ ची १६ जीबी झाली. दुसरा केबलवर, नवी केबल आली. फरक पडला नाही.

इथे एकाच लक्षणामागे तीन वेगळी कारणं होती, आणि ती सुटी केल्याशिवाय उपाय सापडणं शक्य नव्हतं.

पहिलं कारण डिकोडिंगचं, म्हणजे आवळलेला व्हिडिओ उलगडण्याचं. चित्रपट चालू ठेवून विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सखाली जीपीयू (ग्राफिक्स चिप) उघडला, तर व्हिडिओ डिकोडचा आलेख तळाला सपाट आणि प्रोसेसर जवळजवळ पूर्ण व्यग्र. जीटी ७३० मध्ये एचईव्हीसी उलगडणारं सर्किटच नाही. प्लेअर ते काम सॉफ्टवेअरने, म्हणजे प्रोसेसरच्या गाभ्यांवर करत होता. हलक्या प्रसंगांत निभायचं. पाऊस, धूर, गर्दी आली की फ्रेम गळायच्या.

यातली खरी चुटपुट लावणारी गोष्ट वेगळीच आहे. आय५-८५०० मध्ये मुळातच यूएचडी ६३० ग्राफिक्स आहे, आणि ते एचईव्हीसी १०-बिट व व्हीपी९ (यूट्यूबवरचा एक कोडेक) दोन्ही हार्डवेअरने उलगडतं. म्हणजे विकत आणलेल्या कार्डाने घरात असलेली क्षमता झाकून टाकली. कारण साधं आहे: प्लेअर सहसा टीव्ही ज्या कार्डाला जोडलाय त्याच्याकडेच डिकोडिंग सोपवतो. शिवाय अनेक ऑफिस संगणकांच्या बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) वेगळं कार्ड दिसलं की आतलं ग्राफिक्स आपोआप बंद करण्याची सोय चालू असते. इथेही ती चालू होती.

दुसरं कारण पोर्टचं. जीटी ७३० चं एचडीएमआय १.४ पिढीचं आहे. त्याची कमाल १०.२ गिगाबिट प्रतिसेकंद; ३८४० × २१६० ला ती सेकंदाला ३० चित्रांशी संपते. खोक्यावरचं ४के ते हेच. जड माऊसचा उलगडा इथे झाला. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमचा. तो ३० हर्ट्झवर दाखवायचा तर दर सेकंदाला सहा फ्रेम दोनदा दाखवाव्या लागतात, आणि कॅमेरा संथपणे आडवा फिरला की ते डोळ्याला खटकतं.

तिसरं कारण एचडीआरचं. ही फाईल एचडीआर आहे हे टीव्हीला सांगणारी माहिती एचडीएमआय २.०ए पासून केबलमधून जाऊ लागली. जुना पोर्ट ती पाठवत नाही, टीव्ही साध्या पद्धतीने रंग दाखवतो आणि चित्र धुतल्यासारखं दिसतं.

आधी करायला हवी होती ती चाचणी

नवं कार्ड निवडण्याआधी जीटी ७३० काढून ठेवलं, बायोसमध्ये आतलं ग्राफिक्स चालू केलं आणि डिस्प्लेपोर्टला साधा एचडीएमआय अडॅप्टर लावून तोच चित्रपट पाहिला. व्हिडिओ डिकोडचा आलेख वर आला, प्रोसेसर निवांत, एकही फ्रेम गळली नाही. ३० हर्ट्झ आणि फिके रंग मात्र तसेच. दहा मिनिटांच्या या चाचणीने सिद्ध झालं की चिप सक्षम आहे, अडचण फक्त तिच्यापासून टीव्हीपर्यंतच्या वाटेत आहे. ही चाचणी पहिल्या दिवशी झाली असती तर रॅम, केबल आणि कार्ड हे तिन्ही खर्च टळले असते.

मग ॲक्टिव्ह अडॅप्टर लावून पाहिला, म्हणजे स्वतःची चिप असलेला, डिस्प्लेपोर्टचं एचडीएमआय २.० करणारा. ४के ६० हर्ट्झवर आलं, माऊस हलका झाला. एचडीआरचं बटण मात्र विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये उगवलंच नाही. संगणकाचे पोर्ट डिस्प्लेपोर्ट १.२ चे, आणि एचडीआरची माहिती वाहून नेणं डिस्प्लेपोर्टच्या १.४ आवृत्तीत आलं. ज्या घरात टीव्ही साधा आहे किंवा एचडीआरच्या फायलीच नाहीत, तिथे हे प्रकरण इथेच, एका अडॅप्टरवर, संपायला हवं. या घरातला टीव्ही एचडीआरसाठीच घेतलेला होता.

गरजा लिहून काढल्या

दुसऱ्यांदा दुकानात जाण्याआधी एका कागदावर दोन याद्या केल्या: संगणकाने काय करायचं आणि काय करायचं नाही. दुसरी यादी जास्त कामाची ठरली.

ओटीटी सेवा टीव्हीच्या स्वतःच्या ॲपवर बघायच्या, हे पहिलं कलम. बहुतेक सेवा संगणकाच्या ब्राउझरला ४के देतच नाहीत. ज्या देतात त्यांच्या अटी असतात: ठरावीक ब्राउझर किंवा ॲप, एचईव्हीसीचं एक्स्टेन्शन, साखळीतल्या प्रत्येक उपकरणात एचडीसीपी २.२ हे नक्कल रोखणारं संरक्षण. नेटफ्लिक्सच्या ४केसाठी एनव्हिडियाने पास्कल पिढीच्या कार्डांना किमान ३ जीबी मेमरीची अट घातली होती, त्यात २ जीबीची कार्डं बसत नव्हती. टीव्हीचं ॲप हे सगळं आधीच सांभाळतं, तर त्याच कामासाठी कार्डावर पैसे का घालायचे? यूट्यूबही त्याच कलमात गेलं.

दुसरं कलम खेळांचं. मुलाला टीव्हीवर फुटबॉल खेळायचा होता. घरात यावर बरीच चर्चा झाली. शेवटी आईने ठरवलं की संध्याकाळी तो टीव्ही आजोबांचा असतो, खेळासाठी तो अडकवायचा नाही. वरवर घरगुती वाटणाऱ्या या निर्णयाने कार्डाची निम्मी यादी गळली.

उरलं ते असं: डिस्कवरच्या फायली २३.९७६, २४, २५, ५० आणि ६० या प्रत्येक वेगाने, त्या-त्या हर्ट्झवर, एचडीआर१० जसंच्या तसं, आवाज न उलगडता थेट रिसीव्हरकडे, आणि शांतता. आवाजासाठी केबल संगणकातून आधी रिसीव्हरला आणि तिथून टीव्हीला न्यायची, असंही ठरलं. या टीव्हीला ईएआरसी (टीव्हीतून रिसीव्हरकडे आवाज पाठवण्याची सुधारित सोय) नाही. साध्या एआरसीतून ट्रूएचडी जात नाही.

आपल्याकडे २५ आणि ५० हे आकडे विसरून चालत नाही. डीव्हीडीवरची नाटकं, जुन्या टेपा, वाहिन्यांची रेकॉर्डिंग सगळी पाल पद्धतीतली, २५ फ्रेमची. परदेशी लेखांत २४ आणि ६० वर भर असतो. त्यानुसार सेटिंग केलं तर चित्रपट सुरेख दिसतो आणि नाटक अडखळतं.

मोजमाप

कार्डांची यादी करण्याआधी संगणक उघडून तीन गोष्टी पाहिल्या.

उंची: बुटक्या कार्डाची मागची पट्टी ७९.२ मिलिमीटर असते, नेहमीची १२० मिलिमीटर. या पेटीत बुटकीच मावते.

जाडी: ग्राफिक्सचा लांब स्लॉट पॉवर सप्लायला खेटून होता. शेजारच्या स्लॉटवर सरकणारं दोन स्लॉट जाडीचं कार्ड पॉवर सप्लायच्या पत्र्याला अडतं. म्हणजे एकच स्लॉट, २०.३ मिलिमीटर. इथे बरेच जण चुकतात: बुटकं कार्ड म्हणजे बारीक कार्ड असं गृहीत धरतात. बुटकी कार्डं बहुधा दोन स्लॉट जाड असतात, कारण उंची कमी केल्यावर हीटसिंकला जाडीतच जागा शोधावी लागते.

वीज: प्रोसेसर ६५ वॉट, साडेतीन इंची डिस्क चालताना ८ च्या आसपास, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून २५ धरले. बेरीज ९८. २०० वॉटच्या सप्लायवर १६० च्या पुढे जायचं नाही असं ठरवलं, म्हणजे कार्डाला ६० वॉट. प्रोसेसर थोडा वेळ ६५ च्या वर उडी मारतो आणि डिस्क फिरायला लागताना जास्त ओढते. राखून ठेवलेले ४० वॉट त्यासाठी. मोठा सप्लाय घालणं हा मार्ग नव्हता. अशा ऑफिस संगणकांत सप्लायचा आकार आणि मदरबोर्डचं कनेक्टर दोन्ही कंपनीचे स्वतःचे असतात, बाजारातला सप्लाय बसत नाही. त्याच कारणाने वेगळी पॉवर केबल मागणारं कार्डही बाद; तशी केबलच आत नसते.

तोललेले पर्याय

जीटीएक्स १६५० चं बुटकं रूप ७५ वॉटचं आणि दोन स्लॉटचं. जाडी आणि वीज दोन्हीत बाद. २०२४ च्या फेब्रुवारीत आलेलं आरटीएक्स ३०५० चं ६ जीबी रूप ७० वॉटचं, वेगळ्या केबलशिवाय चालणारं, एव्ही१ हा नवा कोडेक उलगडणारं, एचडीएमआय २.१ असलेलं. मोठ्या पेटीत पहिली पसंती त्यालाच मिळाली असती. इथे जाडीने अडवलं, आणि विजेच्या हिशेबातही १६८ वॉट झाले असते.

जीटी १०३० हा पहिला गंभीर उमेदवार. ३० वॉट, एचडीएमआय २.०बी, एचईव्हीसी १०-बिट आणि व्हीपी९ दोन्ही. पंखा नसलेली रूपंही मिळतात. कागदावरच्या गरजा जवळजवळ सगळ्या भागतात. विरोधात दोन मुद्दे. एकाच नावाखाली दोन कार्डं विकली जातात: जीडीडीआर५ मेमरीचं, सेकंदाला ४८ गिगाबाइट वाहणारं, आणि डीडीआर४ चं, जेमतेम १७ वाहणारं. ४के एचडीआरला प्लेअरमध्ये आकार बदलणं, टोन मॅपिंग (एचडीआरची उजळता पडद्याच्या आवाक्यात बसवणं) असं काही करायचं झालं तर दुसरं लवकर दमतं. खोक्यावरचं मेमरीचं नाव वाचूनच घ्यावं लागतं. दुसरा मुद्दा वयाचा: चिप २०१७ ची पास्कल पिढीची, आणि एनव्हिडियाने २०२५ च्या ऑक्टोबरनंतर या पिढीला नियमित नवे ड्रायव्हर देणं थांबवलं, सुरक्षेपुरते मिळत राहतील. नवं कार्ड घ्यायचं आणि ते पहिल्याच दिवशी ड्रायव्हरच्या शेवटच्या टप्प्यावर, हे पटलं नाही. वापरलेलं, स्वस्तात मिळालं तर वेगळा विचार.

शेवटी दोन उरली: एएमडी रेडिऑन आरएक्स ६४०० आणि इंटेल आर्क ए३१०. दोन्ही २०२२ ची, दोन्हींना एक स्लॉट जाडीची बुटकी रूपं, दोन्हींना वेगळी केबल नको. ६४०० ५३ वॉट. ए३१० चं पाहिलेलं रूप ५० वॉट.

आरएक्स ६४०० खेळांत पुढे आहे आणि त्याला एचडीएमआय २.१ आहे. पण ही चिप मुळात लॅपटॉपसाठी काटछाट केलेली, आणि काटलेलं नेमकं व्हिडिओच्या बाजूचं: एव्ही१ डिकोड नाही, कोणताही हार्डवेअर एन्कोडर (व्हिडिओ पुन्हा बांधणारं सर्किट) नाही. कार्डाला संगणकाशी जोडणाऱ्या पीसीआयईच्या चारच लेन. या संगणकाच्या ३.० पिढीच्या स्लॉटवर त्यांची वहनक्षमता ४.० च्या निम्मी होते. चित्रपटाला त्याचा फरक पडत नाही, खेळांना पडतो. म्हणजे ज्या गुणासाठी हे कार्ड घ्यायचं तोच या पेटीत उणा होतो.

आर्क ए३१० चं उलटं. एचईव्हीसी, व्हीपी९, एव्ही१ तिन्ही उलगडतं, एचईव्हीसी १०-बिट आणि एव्ही१ एन्कोडही करतं. खेळांत दुबळं, आणि रिसायझेबल बार ही सोय (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी) बोर्डात नसेल तर आणखी दुबळं. आठव्या पिढीच्या या बोर्डात ती नाही. इंटेल आर्कसाठी दहाव्या पिढीपासूनचे संगणक सुचवतं. व्हिडिओ उलगडण्यात मात्र या सोयीचा संबंध जवळजवळ येत नाही. एचडीएमआय २.० चं आहे, आणि ६० हर्ट्झच्या टीव्हीला ते पुरतं.

पारडं फिरवलं ते आत्याच्या लग्नाने. व्हिडिओवाल्याच्या फायली मीडियाइन्फो या, फाईलचा तपशील दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडल्यावर कळलं की त्या एच.२६४, १०-बिट, ४:२:२ आहेत. कॅमेऱ्यात रंगांची माहिती जास्त राखण्यासाठी ही पद्धत वापरतात, पण हा प्रकार यादीतलं एकही कार्ड हार्डवेअरने उलगडत नाही. कोणतंही कार्ड आणलं असतं तरी त्या फायली अडखळल्याच असत्या आणि दोष नव्या कार्डावर गेला असता. उपाय एकच: त्या एचईव्हीसी १०-बिट ४:२:० मध्ये, म्हणजे रंगांची माहिती कमी ठेवणाऱ्या नेहमीच्या प्रकारात, बदलून घ्यायच्या. उलगडण्याचं काम प्रोसेसरने करायचं, पुन्हा बांधण्याचं कार्डाने. ६४०० ला ते जमत नाही, १०३० लाही नाही. यूएचडी ६३० ला जमतं, पण कार्ड बसल्यावर ते बंदच ठेवायचं होतं, नाहीतर प्लेअर कोणत्या चिपकडे जाईल याची खात्री राहत नाही. ए३१० ठरलं.

बसवणी

विक्रेत्याने विंडोज जुन्या लेगसी पद्धतीने टाकलेलं होतं, डिस्कची मांडणीही जुनी, एमबीआर प्रकारची. आर्क कार्डाला यूईएफआय ही संगणक सुरू करण्याची नवी पद्धत लागते, आणि तिच्यासाठी विंडोजची डिस्क जीपीटी मांडणीची हवी. कार्ड आधी बसवलं असतं तर सुरुवातीचा पडदा काळाच राहिला असता आणि कार्ड बिघडलेलं वाटलं असतं. म्हणून क्रम ठरवून घेतला. आधी महत्त्वाच्या फायलींची दुसऱ्या डिस्कवर प्रत. मग विंडोजमधल्या एमबीआर-टू-जीपीटी साधनाने आधी तपासणी, ती निर्धोक आल्यावर रूपांतर. मग बायोसमध्ये लेगसी बंद, यूईएफआय चालू. विंडोज सुरू होतं हे पाहून पुढचं पाऊल. जुने एनव्हिडिया ड्रायव्हर सेफ मोडमध्ये डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलरने काढले. संगणक बंद, वायर भिंतीतून काढलेली, कार्डाची लांब पट्टी सोडवून खोक्यातली बुटकी लावली आणि मगच ते स्लॉटमध्ये दाबलं. बुटकी पट्टी खोक्यात आहे का हे दुकानातच पाहून घेतलेलं होतं. वापरलेल्या कार्डांबरोबर ती हमखास हरवलेली असते.

ड्रायव्हर टाकल्यावर तीन अडथळे आले.

एचडीआरचं बटण आलंच नाही. कारण टीव्हीत होतं. बहुतेक टीव्हींमध्ये प्रत्येक एचडीएमआय पोर्टला वाढीव सिग्नलचं वेगळं सेटिंग असतं आणि ते सुरुवातीला बंद असतं. रिसीव्हरमध्येही तसंच. दोन्हीकडे चालू केल्यावर बटण उगवलं.

मग दर काही मिनिटांनी पडदा क्षणभर काळा होऊ लागला. ४के ६० हर्ट्झ ८-बिट आरजीबीला १७.८२ गिगाबिट लागतात, एचडीएमआय २.० ची कमाल १८. अगदी काठावरचा खेळ. रिसीव्हर ते टीव्ही ही भिंतीतून नेलेली जुनी केबल तो भार पेलत नव्हती. प्रीमियम हाय स्पीड शिक्क्याची, तीन मीटरची नवी केबल ओढली आणि काळा पडदा थांबला. याच हिशेबातून आणखी एक गोष्ट ठरली: ६० हर्ट्झवर १०-बिट आरजीबीला २२ च्या वर लागतात, ते बसत नाही. २४ हर्ट्झवर १२-बिटलाही साडेतेराच्या आत भागतं. म्हणून डेस्कटॉप ६० हर्ट्झ ८-बिटवर ठेवला आणि चित्रपट सुरू होताना प्लेअरनेच २३.९७६ वर जावं असं लावलं. २३.९७६ ची फाईल नेमक्या २४ हर्ट्झवर चालवली तर साधारण ४२ सेकंदांना एक फ्रेम दोनदा दिसते, म्हणून दोन्ही वेग यादीत वेगळे हवेत.

तिसरा अडथळा पंख्याचा. कार्डाचा छोटा पंखा थांबायचा, थोड्या वेळाने जोरात फिरायचा, पुन्हा थांबायचा. सतत मंद आवाज कान विसरतो, असा चालू-बंद विसरत नाही. आजोबांनी पहिल्याच संध्याकाळी तक्रार केली. कार्डाच्या फर्मवेअरचं अपडेट टाकल्यावर चढउतार बराच मवाळ झाला. उरलेलं काम सुताराने केलं: कप्प्याच्या मागच्या प्लायला वरच्या बाजूला ८० मिलिमीटरची दोन भोकं, खालच्या फळीला एक. गरम हवेला वर वाट आणि गार हवेला खालून वाट. फक्त वर भोकं पाडली तर रिसीव्हरची गरम हवाच फिरत राहते.

रिकामं असताना आर्क कार्डं गरजेपेक्षा जास्त वीज घेतात, हे माहीत असलेलं दुखणं. त्यावर बायोसमध्ये एएसपीएम (पीसीआयईची वीजबचत) चालू, आणि विंडोजच्या पॉवर ऑप्शनमध्ये पीसीआय एक्सप्रेसच्या लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंटला कमाल बचत. या बायोसमध्ये ते सेटिंग होतं. सगळ्याच ऑफिस संगणकांत सापडत नाही. घेण्याआधी बायोस उघडून पाहावं.

प्लेअर म्हणून एमपीसी-एचसी ठेवला. डिकोडर डी३डी११ वर (म्हणजे कार्डाच्या सर्किटवर), चित्रासाठी एमपीसी व्हिडिओ रेंडरर, एचडीआर थेट टीव्हीकडे पाठवण्याचा पर्याय चालू, आवाजात ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडीच्या बिटस्ट्रीमच्या, म्हणजे आवाज न उलगडता पाठवण्याच्या, खुणा. नाटकांच्या आणि टेपांच्या फायलींना डीइंटरलेसिंग (एकाआड एक ओळींपासून पूर्ण फ्रेम करणं) यादिफ या पद्धतीने, दुप्पट दराने, म्हणजे २५ फ्रेमच्या ५० होतात, आणि त्या ५० हर्ट्झवर. याआधी पात्राने हात हलवला की हाताच्या कडेला कंगव्यासारखे दाते दिसायचे. ते गेले.

परिणाम

एचडीआर चित्रपट अडखळत नाहीत. टीव्हीच्या माहितीपट्टीवर २४ हर्ट्झ आणि एचडीआर दिसतं, रिसीव्हरच्या पडद्यावर ट्रूएचडीचं नाव येतं. लग्नाच्या फायली हँडब्रेक या प्रोग्रॅममध्ये क्विक सिंक (इंटेलचा हार्डवेअर एन्कोडर) एचईव्हीसी १०-बिट निवडून रात्रभर बदलून घेतल्या. मूळ फायली वेगळ्या डिस्कवर जपून ठेवल्या आहेत. पुढे कुणाला संपादन करायचं झालं तर ४:२:२ चीच लागतील. घरात सगळ्यात जास्त पाहिलं गेलं ते मात्र आजोबांनी लावलेलं: त्यांच्या स्वतःच्या मुलाच्या मुंजीची मिनीडीव्ही टेप. नातवाने त्याच्या बाबांना बटूच्या वेशात पहिल्यांदा हलताना पाहिलं.

एक तडजोड राहिली. रिसीव्हर बंद करून पुन्हा चालू केला की कधीकधी विंडोज त्याचे आवाजाचे प्रकार विसरतं आणि साधा स्टिरिओ येतो. टीव्ही, मग रिसीव्हर, मग संगणक या क्रमाने चालू केलं की तसं होत नाही. क्रम लिहिलेली चिठ्ठी युनिटच्या दाराच्या आत चिकटवलेली आहे.

पुन्हा करायचं झालं तर

आधी कार्ड काढून चाचणी, मग फायलींची मीडियाइन्फोने तपासणी, मग मोजपट्टी, आणि शेवटी दुकान. या घरात क्रम नेमका उलटा झाला.

हा संगणक आधीपासून घरात होता म्हणून कार्डाचा विचार रास्त ठरला. ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांनी आठव्या पिढीचा जुना संगणक आणि वर कार्ड असा खर्च करण्याआधी इंटेल एन१०० चे तळहाताएवढे संगणक पाहावेत. ही चिप एव्ही१ आणि एचईव्हीसी १०-बिट दोन्ही उलगडते, ६ वॉट वर्गातली आहे आणि कार्ड मागत नाही. साडेतीन इंची डिस्क तेवढी बाहेर ठेवावी लागते.

सगळ्यात मोठा सुटलेला पर्याय शेवटी, काम झाल्यावर लक्षात आला. या संगणकाच्या मागे, दोन डिस्प्लेपोर्टच्या शेजारी, पत्र्याच्या झाकणाने बंद केलेली एक छोटी जागा आहे. काही ऑफिस मालिकांत तिथे निर्मात्याचं जादा पोर्टचं मॉड्यूल बसतं: व्हीजीए, यूएसबी-सी किंवा एचडीएमआय २.०. हे मॉड्यूल थेट आतल्या यूएचडी ६३० ला जोडलं जातं. ते मिळालं असतं आणि त्यातून एचडीआर गेलं असतं, तर एव्ही१ सोडून इथली प्रत्येक गरज कार्डाशिवाय, पंख्याशिवाय आणि प्लायला भोकं न पाडता भागली असती, लग्नाच्या फायली बदलणंसुद्धा. असा संगणक घेताना मॉडेलच्या माहितीपत्रकात पर्यायी पोर्टची ओळ शोधावी आणि विक्रेत्याकडे ते मॉड्यूल आहे का हे आधी विचारावं. जुना माल विकणारे ते सुटं काढून ठेवतात, आणि बऱ्याचदा ते कशाचं आहे हे त्यांनाही ठाऊक नसतं. झाकणाचा फोटो सोबत न्यावा.